एकट्यापुरतं भांडं

चिमीचं लग्न ठरलं तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती आणि तिचा दादा साठीला टेकला होता. बातमी कळल्यावर शेजाऱ्यांनी आधी डोळे मोठे केले, मग तोंडभरून कौतुक केलं, आणि जाता जाता प्रत्येकाने आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारला, "मग दादाच्या जेवणाचं काय?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. दादाला चहासुद्धा धड जमत नसे. तो एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. समोर फिरतं चाक, त्यावर टपटपणारं पाणी, डाव्या हाताला फ्रेमचे खोके आणि उजव्या हाताला तयार चष्मे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर आणि फ्रेम आत यायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या फ्रेममध्ये काच अशी बसायची की जणू ती तिथेच उगवली. हाताला इतका हलका, पण स्वयंपाकघरात गेला की त्याच हातांना काय व्हायचं कोण जाणे. कप फुटायचे, डबे उपडे व्हायचे. चिमी म्हणायची, "दादा, तू बाहेर बसलास तरच मला मदत होते."

दोघंच होती ती. आईवडील लवकर गेले तेव्हा दादा नुकता कामाला लागला होता आणि चिमी शाळेत होती. त्याने तिला शिकवलं, तिने घर धरलं. पुढे "आधी चिमीचं होऊ दे" म्हणून त्याने आपलं लांबवलं, आणि "आधी दादाचं होऊ दे" म्हणून तिने. दारात उभं राहून एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखी दोघंही बाहेरच राहिली. त्याचं त्यांना फार दुःख होतं असंही नाही. चिमी पुढच्या खोलीत मशीनवर लोकांचे पडदे शिवायची, दुपारी दादाचा डबा घेऊन दुकानात जायची, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांवर कुरकुर करत जेवायची. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज भिंतीबाहेर जात नसे.

मग त्यांच्या आयुष्यात ड्रायव्हर आला.

तो शाळेची बस चालवायचा. मोठा दणकट माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज मात्र असा की कुणी झोपलंय आणि उठता कामा नये. त्याचा चष्मा सारखा मोडायचा. एकदा तो चष्म्यावर बसला. एकदा चष्मा बसच्या पायरीवरून पडला. एकदा काडी अशी काही वाकली होती की दादाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे पडून होत नाही हो. हे मुद्दाम वाकवल्यासारखं दिसतंय." ड्रायव्हर छताकडे बघत राहिला. दादाच्या लक्षात यायला वेळ लागला की चष्मा केव्हाही मोडो, दुरुस्तीला मात्र तो चिमी डबा घेऊन येते त्याच वेळी येतो. दिवसभर इतरांची नजर दुरुस्त करणाऱ्याला आपल्या डोळ्यांसमोरचं दिसलं नव्हतं.

खरं तर त्याला डोळ्यांनी नाही, कानांनी कळलं. चिमी आधी विचारायची, "तो ड्रायव्हर आला होता का रे?" एके दिवशी डबा उघडता उघडता तिने विचारलं, "ते आले होते का?" 'तो'चा 'ते' झाला होता. दादाने घास तसाच हातात धरला. मराठीत एवढ्याशा फरकाने माणूस परक्याचा आपला होतो, हे त्याला माहीत होतं.

तर लग्न ठरलं. ठरलं म्हणजे ड्रायव्हरने विचारलं, चिमीने मान खाली घातली, दादाने चहा ओतायला घेतला आणि अर्धा टेबलावर सांडला. सगळे हसले. पण चिमीने एक अट घातली. ती अट ड्रायव्हरला नव्हती, दादाला होती.

"तू तुझं जेवण स्वतः करायला लागेपर्यंत मी या घरातून हलणार नाही," ती म्हणाली. "आणि गॅसवर नाही. विजेच्या भांड्यात."

गॅसला तिचा विरोध असायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या तापातून दादा उठला, पण त्याला वास येणं बंद झालं ते झालंच. फुलं, अत्तर, जळकं, कुजकं, सगळं त्याला सारखंच. जेवणाची चवही धड कळत नसे. मागच्या वर्षी त्याने दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊन ज्योत विझली, आणि हा बाबा शेजारी खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसला. चिमी बाहेरून आली तेव्हा सगळं घर गॅसने भरलं होतं. तिने खिडक्या उघडल्या, दादाला दंडाला धरून अंगणात आणलं, आणि मग पायरीवर बसून लहान मुलीसारखी रडली. त्या दिवसापासून शेगडीला हात लावायची त्याला बंदी होती.

"एकट्यापुरतं छोटं भांडं मिळतं," चिमी म्हणाली. "प्लग लावायचा, तांदूळ, भाजी, पाणी घालायचं, आपोआप शिजतं, आपोआप बंद होतं. आपण रविवारी जाऊन आणू."

"आणू की," दादा म्हणाला.

पहिलं दुकान बाजारातल्या कोपऱ्यावर होतं. फळ्यांवर मिक्सर, इस्त्र्या, पंखे, आणि खालच्या फळीवर ही छोटी भांडी ओळीने मांडलेली. पांढरी, गुलाबी, हिरवी. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. तिने पटापट चार भांडी काढून समोर ठेवली.

"काका, किती माणसांसाठी?"

दादा मिक्सरच्या फळीकडे बघायला लागला. चिमीच हळू आवाजात म्हणाली, "एका."

"मग हे बघा. दीड लिटर. यात भात होतो, सूप होतं, नूडल्स होतात. वर ही जाळी ठेवली की अंडी वाफवता येतात. हे दोन स्विच, एक मंद, एक जोरात. पाणी आटलं की आपोआप बंद."

दादाने भांडं उचललं. आतल्या काळ्या मुलाम्यावर उजेड पाडून एक डोळा मिटून पाहिलं, जसा तो काच पाहायचा. मग बोटाचं पेर कडेवरून फिरवलं. "मुलामा इथे पातळ आहे."

"काका, तो असाच असतो."

"वायर आखूड आहे."

"दुसऱ्याची लांब आहे बघा."

"त्याची मूठ तापेल."

तिसऱ्याचं झाकण काचेचं होतं. दादाने ते उजेडासमोर धरलं. "काच बरी आहे," तो नाइलाजाने म्हणाला. मग लगेच, "पण काच फुटते."

आयुष्यभर काचेवर जगलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून चिमीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. दुकानातली मुलगी मात्र हसली आणि म्हणाली, "काका, भांडं घ्यायचंय की त्याच्याशी लग्न करायचंय?"

मुलगी बिचारी सहज बोलली. पण भाऊबहीण दोघंही एकदम गप्प झाली, आणि मुलीला आपण काय चूक केली ते कळेना. "पुन्हा येतो," असं सांगून दोघं बाहेर पडली.

परत जाताना दोघं रस्त्याकडेच्या बाकावर टेकली. चिमीने दोन चहा आणले. "दादा, एवढं काय बघायचं त्यात?" असं ती म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता. दोघांनी चहा फुंकत फुंकत येणारीजाणारी माणसं पाहिली. कुणाचा चष्मा ढिला झालाय, कुणाच्या पडद्याचं कापड आता शर्ट झालंय, यावर दोघं हसली. दादाला वाटलं, असा रविवार कितीतरी दिवसांत आला नव्हता.

पुढच्या रविवारी दुसरं दुकान झालं. तिथली भांडी मोठी निघाली. "यात तर वरातीचं जेवण होईल," दादा म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. तिथे भांडं छान होतं, पण प्लग जाड होता आणि घरातल्या सॉकेटमध्ये बसला नसता. चौथ्या ठिकाणी दुकानदाराने वॉरंटीचं नीट सांगितलं नाही म्हणून दादा रुसला. प्रत्येक वेळी परत येताना तोच बाक, तोच चहा, तीच हसण्याखिदळण्याची वेळ. चिमी दर वेळी म्हणायची, "चल, पुढच्या रविवारी नक्की." आणि दादा म्हणायचा, "नक्की."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, तसं चाललं होतं. फरक एवढाच की दादा ते आपल्यापासूनच लपवत होता. विचारलं असतं तर तो शपथेवर म्हणाला असता की मला फक्त चांगली वस्तू हवी आहे. घाईत घेतलेली वस्तू टिकत नाही, यावर त्याने चिमीला छोटंसं भाषणही दिलं होतं. लग्नाची तारीख विचारायला मात्र तो विसरत होता, आणि तीही सांगायला विसरत होती.

असेच दिवस चालले असताना एका दुपारी, चिमी डबा ठेवून निघून गेल्यावर, ड्रायव्हर दुकानात आला. या खेपेला चष्मा नाकावर धडधाकट होता. काखेत मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मागच्या खोलीत येऊन त्याने ते दादाच्या टेबलावर, चष्म्यांच्या शेजारी, हळूच ठेवलं आणि कागद सोडला.

एक छोटं विजेचं भांडं होतं. स्टीलचं, बुडाला काळवंडलेलं, झाकणावर पोचा, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"माझं आहे," ड्रायव्हर म्हणाला. "ती गेल्यावर घेतलं होतं. इतकी वर्षं यावरच निभावलं. आता मला लागणार नाही. म्हटलं तुम्हाला पसंत पडत नाहीये एकही, तर..."

दादाच्या डोक्यात सणक गेली. त्याने चाक बंद केलं. "म्हणजे तुमचं एकटेपण आता मी वापरायचं?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. ड्रायव्हरचा चेहरा पडला. तो जायला निघेल असं दादाला वाटलं, पण धिप्पाड माणसं कधी कधी लाजेने जागची हलत नाहीत. तो तसाच उभा राहिला, भांड्याच्या झाकणावरचा पोचा अंगठ्याने दाबत.

"तसं नाही," तो अखेर म्हणाला. "खरं सांगू? मला घाई नाहीये. तुम्हाला भांडं मिळायला आणखी वर्ष लागलं तरी मी थांबेन. मला थांबायची सवय आहे, दिवसभर शाळेच्या दारात थांबतोच की. पण एक सांगायचं होतं म्हणून आलो. भांडं कुठलंही घ्या. जेवताना मात्र ताटात वाढून घ्या."

"म्हणजे?"

"मी पहिली काही वर्षं भांड्यातूनच खाल्लं. ओट्यापाशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून. कोण बघतंय, एक ताट कशाला खरकटं करायचं, असं वाटायचं. चमच्याने खरवडायचं आणि भांडं धुऊन ठेवायचं. मग एकदा माझ्या बसमधल्या एका लहान मुलीने विचारलं, काका, तुम्ही घरी कुणाबरोबर जेवता? मी म्हटलं, भिंतीबरोबर. ती हसली. मला हसू आलं नाही." तो थोडा थांबला. "त्या संध्याकाळी ताट घेतलं, खाली बसलो आणि वाढून घेतलं. तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो, दादा."

त्याने दादाला 'दादा' म्हणायची ही पहिलीच वेळ होती. आतापर्यंत तो 'चष्मेवाले' म्हणायचा.

दादाने स्टूल पुढे सरकवलं. चिमीने ठेवलेला डबा त्याने अजून उघडला नव्हता. त्याने तो उघडला, झाकणात अर्धं काढलं आणि ड्रायव्हरपुढे ठेवलं. दोघं जेवले. जेवताना दादाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. इतके दिवस तो स्वतःला विचारत होता की चिमी गेल्यावर माझं कसं होईल. समोरच्या या माणसाचं कसं होत आलं असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. आणि चिमीचं? दर रविवारी भावाबरोबर दुकानं हिंडणारी चिमी, रोज एकदा तरी आरशात बघून केस नीट करणारी चिमी, तिला कुणी विचारलं होतं का की तुला किती थांबायचंय?

"हे भांडं परत न्या," जेवण झाल्यावर दादा म्हणाला. ड्रायव्हरने वर पाहिलं. "नाही, रागाने नाही म्हणत. याचं झाकण स्टीलचं आहे. मला वास येत नाही. आत काय चाललंय ते मला दिसलं पाहिजे."

त्याने दुकानाच्या मालकीणबाईंना सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि सरळ कोपऱ्यावरच्या पहिल्या दुकानात गेला. काउंटरवर तीच मुलगी होती. त्याला पाहून तिचा चेहरा थोडा सावध झाला.

"ते काचेच्या झाकणाचं द्या," दादा म्हणाला.

"ते फुटतं म्हणाला होतात काका."

"जपून वापरलं तर नाही फुटत."

तिने खोका काढला. रंग कोणता हवा म्हणून विचारलं. दादाने आयुष्यात स्वतःसाठी कधी रंग निवडला नव्हता. त्याचे शर्टसुद्धा चिमी आणायची. तो गोंधळला. मग हिरव्याकडे बोट दाखवलं, आणि दाखवल्यावर त्याला बरं वाटलं. वायरची लांबी, मूठ, मुलामा, काही काही न बघता त्याने भांडं काखेत मारलं. दारापर्यंत जाऊन परत आला आणि मुलीला म्हणाला, "तुझं बरोबर होतं. मी उगीच स्थळ बघितल्यासारखं बघत होतो."

तो घरी आला तेव्हा चिमी मशीनवर होती. तिने खोका पाहिला आणि पाय थांबवला. "तू एकटा जाऊन आणलंस?" एवढंच म्हणाली. दादा म्हणाला, "हो. आता तारीख काय ती ठरवा." तिने मान मशीनवर खाली घातली आणि शिवण चालू केली. ती शिवण इतकी वाकडी गेली की दुसऱ्या दिवशी सगळा पडदा उसवावा लागला.

मग शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी दादाने दोघांना तीन दिवस पुरतील एवढे तांदूळ घातले. ते फुगले, झाकण उचललं गेलं, आणि पेज टेबलावरून ओघळत चिमीच्या कापडांच्या गठ्ठ्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी पाणी इतकं घातलं की भात पोहत होता. तिसऱ्या दिवशी मशीन आणि भांडं एकाच वेळी लावल्यामुळे घरातली वीज गेली आणि दोघं मेणबत्ती शोधत एकमेकांवर आदळली. शितावरून भाताची परीक्षा, हे दादाने आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तो खरंच एक शीत काढून, ते दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली धरल्यासारखं डोळ्यांजवळ नेऊन, दोन बोटांत दाबून पाहायला लागला.

"दादा, तोंडात टाकून बघ ना," चिमी म्हणायची.

"मला चवीत काय कळतंय. दिसण्यावरून कळतं."

आणि खरंच त्याला दिसण्यावरून कळायला लागलं. बुडबुडे मोठे असतील तर पाणी अजून आहे. बारीक होऊन कडेला सरकले की आटत आलंय. गाजर कडेने जरा पारदर्शक झालं की शिजलं. वाटाणा सुरकुतला की जास्त झाला. झाकणावर वाफ जमून काही दिसेनासं झालं की तो चष्मा पुसायच्या मऊ कापडाने ते पुसायचा आणि पुन्हा वाकून बघत बसायचा. कितीदा तरी चिमी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघायची. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नाक काचेला लागेल इतका वाकलेला तिचा म्हातारा होत चाललेला भाऊ. मग ती आवाज न करता मागे जायची.

एका संध्याकाळी दादाने ड्रायव्हरला जेवायला बोलावलं आणि चिमीला स्वयंपाकघरात यायची मनाई केली. एकट्यापुरत्या भांड्यात तिघांचं करायचं म्हणजे तीन वेळा शिजवणं आलं. आधी बटाटे आणि वाटाणे झाले, ते झाकून ठेवले, मग भात, मग जाळीवर अंडी. शेवटचं होईपर्यंत पहिलं थंडगार झालं होतं. त्याने तीन ताटं मांडली, वाढलं, आणि समोर हातांची घडी घालून बसला.

ड्रायव्हरने पहिला घास घेतला. चावला. थांबला. पुन्हा चावला.

"कसं झालंय?" दादाने विचारलं.

"छान," ड्रायव्हर म्हणाला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

चिमीने घास घेतला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. दादाला वाटलं, बहीण भावुक झाली. त्याने हातांची घडी सोडली. तो म्हणाला, "अगं वेडे, मी काही कायमचा—"

"दादा," चिमी कशीबशी म्हणाली, "मिरची किती घातलीस?"

सगळं घर हसलं. ड्रायव्हर इतका हसला की त्याचा नेहमीचा झोपमोड न करणारा आवाज कुठच्या कुठे गेला. पण तिघांनीही ताटं स्वच्छ केली. मधे मधे पाणी पीत, नाकं पुसत, शेवटच्या शितापर्यंत. जेवण झाल्यावर चिमीने स्वतःहून तारीख सांगितली.

लग्न साधंच झालं. कचेरीत सह्या झाल्या, दादा आणि ड्रायव्हरचा एक सोबती साक्षीला होते, आणि मालकीणबाईंनी पेढ्यांऐवजी केक आणला. निघताना चिमीने घराच्या साऱ्या खोल्यांतून एक चक्कर मारली. कपाटं उघडून लावली, पडदे ओढून सरळ केले, आणि दादाला शंभर सूचना दिल्या. त्यातल्या अर्ध्या तिने दोनदा दिल्या. गाडीत बसायच्या वेळी मात्र ती दादाचा हात सोडेना. दादाच म्हणाला, "जा आता. ते कधीचे थांबलेत." ड्रायव्हरसाठी 'ते' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. चिमीने वळून पाहिलं, आणि गाडीच्या दारात उभा असलेला तो दणकट माणूस दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळ झाली तेव्हा घर फार शांत होतं. पुढच्या खोलीत मशीन होती त्या जागी फरशीवर चार पायांच्या चार खुणा उरल्या होत्या. दादा त्या खुणांवर पाय न देता स्वयंपाकघरात गेला. भूक नव्हती. क्षणभर वाटलं, आज राहू दे. पण त्याने मूठभर तांदूळ धुतले, एक बटाटा आणि गाजर चिरलं, पाणी घातलं, स्विच दाबला आणि खुर्ची ओढून बसला. पाण्याला कढ आला. बुडबुडे वर आले, फुटले, पुन्हा आले. नुसतं बसून राहण्यापेक्षा कशाकडे तरी बघत बसणं सोपं असतं. काही वेळाने स्विच टक् करून आपोआप वर आला, तसा तो दचकला.

चमचा हातात घेऊन तो भांड्यावर वाकला होता. मग त्याने चमचा खाली ठेवला. ताट काढलं. पुसलं. वाढून घेतलं आणि खिडकीसमोर बसून जेवला. चव त्याला कळली नाही, पण भात गरम होता आणि मोकळा झाला होता. त्याचा त्याला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्यावर जरा रडू आलं. दोन्ही एकदम झालं. दोन्ही झाल्यावर त्याने भांडं धुऊन पालथं घातलं.

पुढचे दिवस हळूहळू अंगवळणी पडले. चिमी रोज फोन करायची आणि काय केलंस म्हणून विचारायची. दादा सविस्तर सांगायचा. आज फ्लॉवर घातला, आज अंडं फोडून घातलं, आज डबासुद्धा आपणच भरून नेला. दुकानात मालकीणबाईंनी त्यातलं चाखून बघितलं आणि "मीठ बेताचं आहे हो" म्हटलं, हे तो कुणालाही सांगायचा.

मग एके सकाळी फोन चिमीचा नाही, ड्रायव्हरचा आला. तिला दोन दिवस ताप होता. दादाला सांगू नका म्हणून तिनेच बजावलं होतं, पण तिच्या पोटात काही जात नाही, आणि शाळेची बस तर सोडता येत नाही, असं तो त्याच्या हलक्या आवाजात सांगत होता. दादाने पुढचं ऐकलं नाही. त्याने हिरवं भांडं टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं, बरोबर तांदळाची पुडी आणि दोन गाजरं टाकली, आणि बस पकडली. सबंध प्रवासभर पिशवी मांडीवर धरून बसला. शेजारच्या बाईने "जागा देते, खाली ठेवा ना" म्हटलं, तर म्हणाला, "नको, काच आहे."

चिमी पलंगावर मलूल पडली होती. त्याला बघून उठायला लागली. "दादा, तू कशाला—"

"पडून राहा." त्याने इकडेतिकडे बघितलं. पलंगाशेजारी भिंतीत प्लग होता, खाली एक स्टूल होतं. त्याने स्टुलावर भांडं ठेवलं, पाणी ओतलं, तांदूळ धुऊन घातले, गाजर बारीक किसून टाकलं. हे सगळं तिच्या उशापासून हातभर अंतरावर. ती उशीवर गाल टेकून बघत राहिली. त्याचे हात आता चुकत नव्हते. कप फुटत नव्हते.

पाणी उकळायला लागलं तसं झाकण वाफेने पांढरं झालं. दादाने खिशातून मऊ कापड काढून ते पुसलं आणि खाली वाकून बघायला लागला.

"काय दिसतंय रे?" चिमीने विचारलं.

"अजून वेळ आहे. बुडबुडे मोठे आहेत."

"वास छान येतोय."

"हो?" दादाने वळून पाहिलं. "कसा येतोय?"

चिमीने डोळे मिटले. तिला शब्द शोधावे लागले. भाताचा वास कसा सांगायचा, याचा तिने कधी विचार केला नव्हता. "धुतलेल्या कापडाला इस्त्री फिरवली की येतो ना," ती म्हणाली, "जरासा तसा. उबदार. आणि गाजराचा थोडा गोड."

दादाने मान हलवली, जणू त्याला तो आला. मग मऊसर भात त्याने वाटीत काढला, फुंकून कोमट केला आणि चमचा तिच्या हातात दिला. तिने दोन घास खाल्ले, थांबली, आणखी दोन खाल्ले.

"मीठ विसरलास," ती म्हणाली.

"तापात मीठ कमीच बरं," दादा रेटून म्हणाला.

तिने वाटी संपवली आणि पुढे केली. "अजून वाढ."